संकल्पातली नदी

कोलकाता, बुधवार

ती. नानांना हेरंबचा शिरसाष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. इथल्या मराठी घरांतून इतकी बोलावणी येतात, की सकाळी सॉल्ट लेकला वास्तुशांत नि दुपारी फोर्ट विल्यमला सत्यनारायण. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा.

एक चूक कबूल करतो. काल कर्नलसाहेबांकडे पूजेचा संकल्प सांगताना सवयीने 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणून गेलो. हातातली पळी थांबवून ते हळूच म्हणाले, "गुरुजी, आपण तर गंगेकाठी बसलोय ना?"

वर्षभर घाईघाईत मी घराघरांतून गोदावरीच म्हणत होतो, नाना! 'भागीरथ्याः पूर्वे तीरे' म्हटलं आणि अंगावर काटा आला. पूजा झाल्यावर थेट घाटावर गेलो. जिच्या एका गडूपुढे तुम्ही रोज हात जोडता, ती अख्खी माझ्यासमोर वाहत होती. पाण्यात पाय घालायचा धीर होईना.

तुमची धाप कमी झाली का? खरं कळवा. देव्हाऱ्यातला तो गडू तुम्ही शेवटच्या घोटासाठी राखलाय, मला ठाऊक आहे. तो फोडायची घाई नको. आधी इथे या. या काठावरचा संकल्प मला तुमच्या तोंडून ऐकायचाय.

तुमचा,
हेरंब