सुमतीची बॅट

४ जाने., रवि.
धुकं. फाटकसुद्धा दिसत नाही. सुमतीच्या पक्षाघाताला आज चार महिने. वाचा नाही. उजवा हात मांडीवर, कुणी विसरून गेल्यासारखा. शाळेतल्या कवितेची ओळ अर्धी म्हणून थांबलो. पन्नास वर्षं अर्धी मी, अर्धी ती. आज अर्धीच राहिली.
दुपारी मीनल मोहालीहून आली. लेकीला मराठी समजतं, बोलते हिंदीच. "बाबा, आप अकेले नहीं कर पाओगे." पंचकुल्याला एका शुश्रूषा केंद्रात आईसाठी खोली बघून आलीय. १५ ला फिजिओ तपासणार. उजव्या हातात जीव नसेल तर सु. तिकडे. मला भेटीची वेळ चार ते सहा.
लेक वाईट नाही. थकलीय.

६ जाने., मंगळ.
फिजिओ म्हणाला, हाताला सवयीचं काही फिरवायला द्या. बरणीचं झाकण दिलं. पडलं.
फिरवायचं म्हटल्यावर आठवलं. माळ्यावरून व्हिडिओ गेम काढला. शेजारचे स्क्वाड्रन लीडर परदेशाहून आणून, बदलीच्या वेळी आम्हाला देऊन गेलेले. तपकिरी डबा, वायरला दोन गोल मुठी. मूठ फिरवली की पडद्यावर पांढरी रेघ वरखाली, ती बॅट. चौकोनी ठिपका, तो चेंडू. झाला खेळ. समोर यंत्र खेळत नसे, माणूसच लागायचं.
सेक्टर १७ मधली माझी बँक सुटली की मी घरी. ती कुकर लावून तयारच. चेंडूच्या टकटकीवर मी भुजंगप्रयात धरायचो, लगागा लगागा, आणि हरायचो. "अहो कवी महाशय, चेंडू गेला!" एकदा तिचं लक्ष नसताना तिची मूठ हळूच फिरवली. दोन दिवस अबोला. मग, "हरा की खुशाल. लबाडी नाही चालायची हं."

९ जाने., शुक्र.
नव्या टीव्हीला डबा जोडता येईना. मनीमाजऱ्यात बलबीर भेटला, जुने टीव्ही दुरुस्त करणारा. "बाऊजी, ये तो मेरे उस्ताद के जमाने की चीज है!" एक जुना पोर्टेबल टीव्ही रिक्षात घालून स्वतः आला, जोडून दिला.
पडदा उजळला. मधली तुटक रेघ. डोळे भरून आले, चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

१० जाने., शनि.
सु.ची बोटं उजव्या मुठीवर ठेवली, वर शाल. डावी मूठ माझी. चेंडू सोडला. तिच्या बाजूनं गेला. परत गेला. चौथ्याला तिची बॅट हलली. हलली! पडद्यावर दोन बोटं वर. चेंडू लागून परत आला आणि माझ्याकडून सुटला.
फोनवर व्हिडिओ काढून मीनलला पाठवला. लगेच फोन. "बाबा! आई खेल रही है!" रडत होती. केंद्राला सध्या थांबायला सांगते म्हणाली. १५ ला फिजिओला खेळच दाखवायचा.

१३ जाने., मंगळ.
लोहडी. शेजारच्यांनी शेंगदाणे, रेवड्या दिल्या.
टीव्हीचा आवाज गेला म्हणून बलबीरला बोलावलं. त्यानं दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या, हात खिशात घातले, पडद्याकडे बघत राहिला. उजवी बॅट थरथरत होती. मग एकदम दोन बोटं वर.
"अंदर घिस गया है, बाऊजी. मैल भी है. अपने आप हिलता है. स्प्रे मार दूँ? सीधा हो जाएगा."
"नहीं. रहने दो."
माझ्याकडे बघितलं त्यानं. मग खुर्चीतल्या सु.कडे. स्प्रेचा डबा टेबलावर ठेवून गेला. "मन करे तो मार लेना जी. दो फुस्स, बस."
व्हिडिओ दहा वेळा पाहिला. बॅट हलताना दिसते. बोटं शालीखाली.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळाचा एक कण तिच्या ओठांना लावला.
शाल न घालता खेळवता आलं असतं. नाही खेळवलं. मीनलला सांगितलं तर परवाच गाडी येईल. नाही सांगितलं तर फिजिओ पडद्याकडेच बघेल, छान म्हणेल. मग सु. घरात. एवढंच तर हवंय.
मी काही केलेलं नाही. मूठ आपोआप हलते, मी फिरवलेली नाही.
दोन दिवसांचा अबोला आठवतोय. आता तर चार महिन्यांचा…

१५ जाने., गुरु.
चारला मीनल, साडेचारला फिजिओ. आत्ता साडेतीन.
स्प्रे मारला. दोन फुस्स. मुठी टेबलावर ठेवून, हात मागे बांधून पाहत राहिलो. दोन्ही बॅटा जागच्या जागी. दगड.
सु.ची बोटं उजव्या मुठीवर ठेवली. शाल काढली. ती पडद्याकडे बघतेय, की पडद्याच्या मागे भिंतीकडे, कळत नाही. म्हटलं, "सुमे, लबाडी नाही हं आता."
चेंडू सोडायचं बटण माझ्याकडे. अजून दाबलेलं नाही. वही मिटतो.