तिसऱ्या पिंपाच्या पलीकडे

धरण कॅम्प, ता. जिंतूर
२९ सप्टेंबर १९९४

ती. सुलाआक्कास,
धाकट्या चांगुणाचा जयभीम. आम्ही इथे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला दिलेलं तेल लावतेस की नुसतंच फडताळात ठेवलंस?

पत्राला तसं निमित्त नाही. पण रेडिओ लावला की सुरत आणि प्लेग, दुसरं काही नाही. गेल्या साली याच दिवसांत भूकंप, यंदा हे. बीडकडे गाठी निघाल्या तेव्हा इथली माणसं हसत होती, आता ज्याच्या त्याच्या तोंडाला रुमाल. जिंतूरच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. ज्याच्या घरी सुरतेहून माणूस येईल त्याने दवाखान्यात कळवायचं, असा कागद कॉलनीच्या गेटावर चिकटवलाय. चिकटवणारा माणूस आमच्या क्वार्टरसमोर जरा जास्तच वेळ थांबला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. तुझा सिताराम तिकडे कापडाच्या लूमवर आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं काही कळलं का? तू काहीच लिहीत नाहीस.

जत्रा, बाजार, भजनं सगळं बंद, पण होड्यांची शर्यत मात्र होणार. तुला मागे सांगितलं होतं बघ, आधीच्या साहेबांनी हौसेनं चार शिडाच्या होड्या बांधून घेतल्या आणि धरण भरलं की दसऱ्याआधीच्या रविवारी शर्यत लागते. एका होडीत दोघं, पाण्यावर तरंगत ठेवलेल्या तीन रंगीत पिंपांना वळसा घालून परत यायचं. साहेब म्हणाले, पाण्यावर मोकळा वारा असतो, तिथे कसली लागण? लोकांचा जीव घरात कोंडलाय, तेवढीच करमणूक. फक्त काठावर गर्दी करायची नाही.

पण ह्यांचा शर्यतीतला जोडीदार सुटला. सहा वर्षं माणिकराव आणि हे एकाच होडीत बसत. जानेवारीत नामांतर झालं तेव्हापासून माणिकरावांचा आमच्याकडचा चहा सुटलाच होता. परवा दारातूनच म्हणाले, "तात्याराव, तुमच्या पाहुण्यांचं सुरतेला येणंजाणं. माझ्या घरात म्हातारी हाय. यंदा मी भुजंगासंगं बसतो." भुजंग म्हणजे त्यांचा मेव्हणा, त्याला पोहताही येत नाही.

आणखी एक. सोमवारपासून हे दिवस कलताना एकटेच होडी काढतात. सराव म्हणतात. जोडीदार नसताना कसला सराव? दिवेलागणीला परत येतात. दुरडीतल्या भाकरी कमी व्हायल्यात. माझी हिरवी साडी दोरीवरून गेली. विचारलं तर म्हणाले, वाऱ्यानं गेली असंल. चिमटे लावलेली साडी वाऱ्यानं कशी जाईल? पलीकडच्या काठाला कडूबाई राहते, नवऱ्यामागे एकटी. मासे विकायला कॉलनीत येते, ह्यांच्याशी हसून बोलते. मी काही म्हणत नाही. तूही कुणाला म्हणू नकोस.

सितारामचं कळव.
तुझी,
चांगुणा


धरण कॅम्प
६ ऑक्टोबर १९९४

ती. आक्कास जयभीम.
तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "सिताराम सुरतेलाच आहे. खुशाल आहे, काळजी करू नये."

आक्का, तुला हे कुणी सांगितलं? तिकडची निम्मी माणसं पळाली, लूम बंद, मालकांच्या घरांना कुलपं. मग त्याची खुशाली कळवतंय कोण? आणि "काळजी करू नये" असं तू मला कधीपासून लिहायला लागलीस? तू लिहितेस, "येडे, उगं रडू नको." कार्ड दहादा वाचलं. अक्षर तुझं आहे, पण बोलणं तुझं नाही. माझ्या मनात नको ते येतं आणि मी उठून भांडी घासायला लागते.

पाथरीचा जीपवाला सांगत होता, तुमच्याकडे गावोगाव वेशीला माणसं काठ्या घेऊन बसलीत, सुरतेहून आलेल्याला पाऊल टाकू देत नाहीत. खरं का? आपल्या वस्तीला काही त्रास नाही ना? जानेवारीत तुमची कडब्याची गंजी पेटवणारे अजून तिथंच आहेत, म्हणून विचारते.

इथलं सांगायचं तर काल साहेबांनी होड्यांना साखळी घातली. पलीकडच्या गावात कुणाला ताप आला म्हणे, म्हणून शर्यतीपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. तेव्हापासून हे जेवत नाहीत. ताट पुढे घेतात, भाकरी मोडतात, उठतात. काल संध्याकाळी काठावर जाऊन उभे राहिले तेव्हा मी बाभळीआडून पाहिलं. बघत होते ते कडूबाईच्या काठाकडे नाही. बुडालेल्या गावाची टेकडी पाण्यात उरलीय, तिच्याकडे. तिथे काय आहे? पडक्या भिंती आणि साप.

रात्री मी म्हणाले, "जोडीदार न्हाई तर मी बसते."
"तू न्हाई."
"का? शिडाची दोरी मला धरता येती. उन्हाळ्यात बसतच होते की तुमच्यासंगं."
"न्हाई म्हणलं ना. मी बघतो कुणाला तरी."
"कुणाला बघता? आपल्या होडीत कोण बसायलंय आता?"

ह्यांनी कूस बदलली. माझा लग्नाला बावीस वर्षं झालेला नवरा माझ्याकडे पाठ करून जागा होता आणि मला कळत होतं की जागा आहे. सकाळी मी सरळ साहेबांच्या बाईंकडे गेले आणि दोघांची नावं देऊन आले. आता साहेबांसमोर ह्यांना नाही म्हणता यायचं नाही. काय ते रविवारी माझ्या डोळ्यांनी बघेन.

तू खरं काय ते लिही. मी लहान नाही.
चांगुणा


धरण कॅम्प
११ ऑक्टोबर १९९४

आक्का,
जयभीम. हे पत्र टपालात न टाकता पाथरीच्या जीपवाल्याच्या हाती देते. शांतपणे बसून वाच.

रविवारी शर्यत झाली. चार होड्या सुटल्या. काठावर माणसं लांब लांब उभी, तोंडाला रुमाल, त्यामुळे ओरडणंही नीट ऐकू येत नव्हतं. पहिल्या पिंपापर्यंत आम्ही तिसरे होतो. हे सुकाणूवर, मी शिडाच्या दोरीवर. होडी कलली की अंग बाहेर टाकून बसायचं, हे मला आठवत होतं. दोरीनं तळहात सोलले तरी सांगते, त्या घडीला मला बरं वाटलं. दुसऱ्या पिंपाला आम्ही पुढच्या दोघांनाही मागे टाकलं. माणिकरावांची होडी आमच्या जरा मागेच होती, बाकीच्या दोन खूप मागे पडल्या.

तिसरं पिंप आलं आणि ह्यांनी वळवलंच नाही.

"अहो, पिंप मागं ऱ्हायलं!"
"दोरी ओढून धर."
"कुठं चाललाव?"

होडी सरळ टेकडीकडे. तेव्हा मला ह्यांच्या बसायच्या फळीखाली फडक्याचं गाठोडं दिसलं. भाकरीचा वास आला. माझ्या डोक्यात दोन आठवडे जे साचलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "इथं आणून ठेवलीय का तिला?"

ह्यांना आधी कळेना. मग हसले आणि हसता हसता डोळे भरले. "येडी हायस का तू, चांगुणा," एवढंच म्हणाले.

टेकडीच्या मागच्या अंगाला पडकी भिंत आहे. तिच्या सावलीत माझी हिरवी साडी अंगाला गुंडाळून कोणी बसलेलं. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली. मी ओळखलं नाही गं. तो भिंतीला धरून उभा राहिला आणि हात वर केला.

"मावशे, तितंच थांब. वारा माझ्याकडून तुझ्याकडं हाय. गठुडं खडकावर ठिवा अन् जावा तुमी."

सिताराम. तुझा सिताराम. होड्यांना साखळी पडल्यापासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि तो मला लांब राहा म्हणत होता. मी गुडघाभर पाण्यात उडी टाकली. कपाळाला हात लावला, कपाळ गार. तो हात झटकायला लागला तर मी त्याला धरून रडले. एवढा मोठा पोरगा, हाताला नुसती हाडं लागली.

तेवढ्यात टेकडीला वळसा घालून माणिकरावांची होडी आली. आमची होडी भरकटली वाटून मागे आले, की कशाचा वास लागला म्हणून, देव जाणे. मी होडीतलं वल्हं उचललं. खरंच उचललं. माणिकरावांनी रुमाल नाकावर ओढला आणि सितारामकडे बघत राहिले. भुजंग होडीच्या पार टोकाला सरकला.

"सुरतंचा का?" माणिकरावांनी विचारलं.
सितारामनं मान हलवली.
"ताप?"
"न्हाई," हे म्हणाले. "चौदा-पंधरा दिस झालेत तिथून निघून."

माणिकराव भुजंगाला म्हणाले, "फिरीव होडी." आणि गेले. शर्यत त्यांनीच जिंकली.

गाठोडं त्याच्यापाशी ठेवून आम्ही सगळ्यांत शेवटी काठाला लागलो, तर बोटघरापाशी आरोग्य खात्याची जीप उभी, शेजारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. हे होडीतून उतरलेच नाहीत. "संपलं," म्हणाले, "माणिकरावानं सांगितलं." माणिकराव हातात बक्षिसाचा पेला घेऊन उभे होते, आमच्याकडे न बघता. आता हे पोलिसांना घेऊन टेकडीवर जातील, पोराला जनावरासारखं बांधून आणतील, असंच मला दिसायला लागलं. मी वाट बघितली नाही. ओल्या साडीनं सरळ डॉक्टरीणबाईंपुढे गेले. म्हणाले, "बाई, माझ्या बहिणीचा मुलगा टेकडीवर हाय. सुरतेहून आलाय. आधी त्याला जेवू द्या, मग काय सुया टोचायच्या त्या टोचा."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. जीप उंदरांच्या बिळांत पावडर मारायला आली होती. माणिकरावांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

बाई स्वतः मोटारबोटीनं गेल्या. काखेत, जांघेत गाठ नाही, ताप नाही. खोकला आहे तो लूमच्या कापसाचा, जुना. गोळ्या दिल्या, कागद लिहून दिला आणि गुरुवारपर्यंत कॉलनीच्या टोकाच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये ठेवा म्हणाल्या. तसं ठेवलंय. पहिल्या दिवशी त्याला पेज दिली, आता भाकरी खातो. नळावर मी गेले की बायका हंडे मागे ओढतात. माणिकरावांच्या कस्तुराबाई त्यांतच. माणिकराव गप्प राहिले ते दयेनं, की पेला मिळवायची घाई होती म्हणून, मला ठरवता येत नाही. हे म्हणतात, सोड. मला सुटत नाही.

आता तुझ्याकडे येते.

त्या रात्री हे माझ्यावर चिडले. "सगळ्या गावाला सांगून बसलीस. तुज्या पोटात काही ऱ्हात न्हाई. आक्कानं बजावलंच होतं." मी म्हणाले, "आक्कानं? कधी?" तेव्हा ह्यांनी जीभ चावली.

सकाळी मी सितारामला विचारलं. तो सांगत नव्हता, मी सांगायला लावलं. उजाडायच्या आत ज्वारीतून मागल्या दारी आला. आई म्हणून हाक मारली. तू दार उघडलं नाहीस. आतून म्हणालीस, "वेशीवर बसलेत. तुला बगितलं तर आख्खी वस्ती पेटवतील. धरणावर जा. काकाला गाठ, चांगुणाला कळू देऊ नको." दाराच्या खालून दोन भाकरी सरकवल्यास, पण कडी काढली नाहीस.

त्याची तक्रार नाही. उलट तुझीच बाजू घेतो. म्हणाला, "मावशे, आई आतून दाराला टेकून खाली बसली, मला आयकू आलं. मी बी भाईर तसाच बसलो. मग कोंबडं आरवलं, निघालो."

आक्का, मी आधी लय चिडले होते. माझ्यापासून लपवलं म्हणून, मला खोटं कार्ड लिहिलं म्हणून. आता राग तसा नाही. तुझ्या दारात तुझी सून, नातवंडं, शेजारची सात घरं, आणि बाहेर काठ्या. तुझ्या जागी मी असते तर कडी काढली असती का, हे मी स्वतःला विचारलं. अजून विचारते. पण तो पोरगा आता "घरी" म्हणत नाही. "आईच्या गावाला" म्हणतो. हे बरं नाही.

शुक्रवारी दसरा. वस्तीत निळ्या झेंड्यापाशी सगळे जमतील. सकाळच्या गाडीनं मी सितारामला घेऊन येते. ज्वारीतून नाही, मागल्या दारानं नाही. फाट्यावर उतरून, वेशीतून, सगळ्यांदेखत. डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या हातात असेल, पण काठ्या धरून बसलेली माणसं कागद वाचतीलच असं नाही. म्हणून तू ये. घरात वाट बघत बसू नकोस. वस्तीतल्या चार बाया घे, कुणी आलं नाही तर एकटी ये, आणि वेशीवर त्यांच्यासमोर उभी राहा. त्याला तुझं तोंड आधी दिसलं पाहिजे, काठ्या नंतर.

तू दिसली नाहीस तर मी भांडणार नाही. तसेच मागे फिरू. आमच्या दोन खोल्यांत तिसऱ्याला जागा होते.

तुला यातलं काही कळवू नको, असं सिताराम म्हणतो. उगं तिला त्रास, म्हणतो. मी त्याचं ऐकलेलं नाही.

वेशीवर तू असशील की नाही याची खात्री नाही, तरी येणारी
तुझी बहीण
चांगुणा