पट्टा पडल्या दिवशीची सही

तेलगाव,
ता. ९ डिसेंबर २०२५

सौ. शिवकन्यास,

धर्मापुरीला तुझ्या माहेरी सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. मामींचे गुडघे कसे हायत? मी मजेत. मजेत कसला, पर पत्रात असंच लिहायचं असतंय. फोन लावला की आपली वर्षाराणी उचलती अन् "आई कामात हाय" म्हणती. दोन महिने झाले, रोज कसलं एवढं काम हाय गं? म्हणून आज कागद घेऊन बसलो.

तूर शेंगाला आली. म्हैस मला दूध चोरती, तिला तुझ्या हाताची सवय. शेजारच्या सरस्वतीकाकू भाकरी देतात, पर त्याला तुझ्या हातची चव न्हाई. कारखाना सुरू होऊन महिना झाला. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की मी उठून आंघोळ करतो, डबा शोधतो. मग ध्यानात येतंय, यंदा आपल्याला बोलावणं न्हाई, अन् तसाच ओट्यावर बसून राहतो.

सांगायचं म्हणजे, बीडला कामगार अधिकाऱ्याकडं गेलतो. बंकट अन् साखर शिजवायच्या पॅनखात्यातले बाकीचे दहाजण संगं होते. साहेब भला माणूस. म्हणला, एकवीस हंगाम राबलेल्या माणसाला कमी करायचं तर आधी महिन्याची नोटीस द्यावी लागती, न्हाईतर त्या महिन्याचा पगार. वर दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. बंकट बोटांवर हिशेब करायला लागला. मग त्यानं कारखान्याकडून आलेले कागद काढले. "पण तुम्ही तर सगळ्यांनी राजीनामे दिलेत!"

तुला ठावं हाय, दरसाल गाळप संपून पट्टा पडला की टाइमकीपर हंगामी सुट्टीचा एक कागद पुढं करतो. आमी सही ठोकतो, घरी येतो, दसऱ्याला परत बोलावणं येतंय. एकवीस वर्षं तोच कागद, सहीची जागाबी तीच. यंदा वरचा मजकूर बदलला होता.

मी तुला सांगितलं की वाचायला येळच दिला न्हाई. ते खोटं हाय, शिवकन्या. येळ होता. तू डबा घेऊन गेटवर आलीवतीस. तू दहावी झालेली, मी सातवी. हात पुढं करून म्हणलीस, "आवं, बघू द्या की जरा." तवर बंकट हसला, "वहिनीला इचारल्याबिगर सही करीत न्हाईस व्हय बे?" सगळे हसले. मला लाज वाटली. तुझा हात झटकला अन् पहिली सही मी केली. माझी बघून बाकीच्या अकराजणांनी केली.

अन् दसऱ्याला बोलावणं आलं न्हाई तवा तू एवढंच म्हणलीस, "वाचलं असतं तर." मी काय बोललो ते इथं लिहवत न्हाई. तू पिशवी भरलीस तवा आडवा झालो न्हाई, त्याचीच लई आग होती जिवाची.

साहेब म्हणतो, फसवून घेतलेली सही हाय, भांडता येतंय. येत्या २२ तारखेला, सोमवारी, कारखान्याची माणसं तडजोडीचा नवा कागद आणणार हायत. बंकट म्हणला, "तू आधी कर, मग आमी करतो." म्हणलो, न्हाई. आधी तुझी वहिनी वाचंल.

येशील का? पैसे मिळोत न मिळोत, तुझ्याबिगर ह्या घरात करमंना. तू रागानं ये, बोलू नको, पर ये. मी सकाळपासून बीडच्या स्टँडवर उभा असंन. त्या कचेरीत साहेबाच्या, बंकटच्या, सगळ्यांच्या म्होरं तो कागद मोठ्यानं वाच. मी तुझ्या बाजूला उभा राहतो. तू कर म्हणलीस तर करतो. नको म्हणलीस तर तसाच तुझ्यामागं घरी येतो.

तुझ्यावाचून अडलेला,
परमेश्वर