मालेगावच्या हॉलमधला समुद्र

२९ मे, सकाळ
हॉलमधल्या माशांच्या टँकमध्ये फॉस्फेट पुन्हा वाढलं. टेस्टची बाटली गडद निळी. काचेवर शेवाळ, आणि मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात, मांडीवर घेऊन आणलेलं कोरल मलूल. अख्ख्या मालेगावात खाऱ्या पाण्याचा टँक फक्त माझ्याकडे. बाकीच्यांना मासा रश्श्यातच ओळखू येतो.

८ जूनला साडभाऊ जगदेव केनवडहून जेवायला येतोय. मागे टँक बघून म्हणाला होता, याले खाता येते काय? वर माझ्या कृषी केंद्रातलं डीएपी नकली असेल म्हणून खत रिसोडहून नेतो. संकल्प: तो यायच्या आत फॉस्फेट खाली, कोरल फुललेलं, जगदेव गप्प.

३१ मे
दुकानात दिवसभर तोच तमाशा. पेरणी तोंडावर आली की, पोत्यावर ‘डायअमोनियम फॉस्फेट’ ठळक छापलेलं असलं तरी, प्रत्येकाला डीएपीचा संशय. मग मी दाणे तळहातावर घ्यायचे, चुना लावून चोळायचे, यांच्या नाकाशी धरायचे. नाक झणझणलं की माल अस्सल. यांचं विज्ञान तिथेच संपतं.

घरी आल्याआल्या कोपरापर्यंत हात घालून कोरल सरळ केलं. तेवढंच सुख. योगिनी म्हणाली, आधी हात तं धुवा. बायकोला सगळीकडे सोवळं सुचतं.

२ जून
गुन्हेगार सापडला. योगिनी. माशांना मूठभर खाणं टाकते. तिला टँकबंदी केली. म्हणाली, बरं झालं, एक काम कमी झालं.

४ जून
फॉस्फेट आणखी वर. आरओचं पाणी तपासलं. निळं. सीलबंद बाटलीतलं तपासलं. निळं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर, तेही निळं! गावच भेसळखोर. ग्राहक मंचात तक्रार करणार. उद्या नको, उद्या दुकानात गर्दी आहे.

६ जून
फॉस्फेट शोषणारी महागडी पावडर आली. स्वतःच्या हाताने पसरली. कोरल पार मिटलं. विश्रांती घेत असावं.

८ जून
कोरल पांढरं पडलं. जगदेव वेळेवर आला. रिकामी माणसं वेळेवरच येतात.

मी दुकानातून तसाच आलो आणि त्याला चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून सीलबंद पाण्याची टेस्ट करून दाखवली. निळं. मग योगिनीने साबणाने हात धुतले, त्याच बाटलीतलं पाणी घेतलं, तीच टेस्ट केली. पाणी जसंच्या तसं, नितळ. मी म्हणालो, किट बिघडलंय.

जगदेवने माझा हात धरून नाकाशी नेला. ठसकला आणि खूश झाला. म्हणाला, म्हंजे भाऊ, तुमचं डीएपी असली हाये! मी उगाच शक करून राह्यलो होतो. धा पोते ठेवजा माह्यासाठी.

जेवण गेलं नाही. मांडीवर आणलं होतं मी ते कोरल.

१२ जून
जगदेवने केनवडभर सांगितलं, भाऊच्या नुसत्या हातानं कोरल मेलं, एवढं डीएपी असली हाये. मेलेलं कोरल आता दुकानात, काउंटरवर आहे. लोक येतात, त्याला बोट लावून बघतात आणि पोती उचलतात. चुना कोणी मागत नाही.