पटाची बांधी आणि न उचललेली तुतारी

मी, केवळराम आत्माराम गुरनुले, वय सत्तरीच्या आतबाहेर, धंदा शेती, राहणार मौजा चिखलटोला, तालुका देसाईगंज (वडसा), जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे, आपल्या मनाने लिहवून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरने मला वार विचारला. मी वार सांगितला आणि त्याच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय तेही दाखवलं. डोक्यात राग आहे हे मी नाकारत नाही. रागाला कायद्यात वेड म्हणत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं आहे.

मजकूर मी सांगतो आहे आणि आमच्या अंगणवाडीच्या सेविका रंजीताबाई लिहीत आहेत. जिथे त्या "भाऊ, हे राहू द्या" म्हणाल्या, तिथे मी राहू दिलेलं नाही.

कलम १. राहतं घर आणि मागचं आवार माझ्या पश्चात पत्नी गोकुळा हिचं. तिच्यानंतर मुलगा सुरेंद्र याचं. माझं घर आणि माझे मोठे बंधू देवराव यांचं घर यांच्या मधली भिंत मी स्वतः घातली आहे. तिच्यात दार ठेवा, असं गोकुळा तेव्हा रडून म्हणाली होती. मी ठेवलं नाही. पुढे दार फोडायचं की नाही ते सुरेंद्रने ठरवावं, दुसऱ्या कोणी त्याला शहाणपण शिकवू नये.

कलम २. पतसंस्थेत जे काही निघेल ते आणि गोकुळाच्या अंगावरचं सोनं तिचंच. नांगर, वखर, फवारणीचा पंप सुरेंद्रचा. यात भांडण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जातो.

कलम ३. आता बोडीखालची बांधी. हे सगळं लिहिणं तिच्यासाठीच आहे.

वडिलांच्या वाटणीत रस्त्यालगतचं शेत देवरावभाऊंनी मागून घेतलं आणि बोडीच्या तलावाखालचा हा धानाचा तुकडा मला आला. लांबरुंद, सपाट, खाली चिखलमाती. धान निघालं की आमच्या गावचा बैलांचा पट पिढ्यान्‌पिढ्या इथेच भरायचा. मी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. मग न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पाहुणे येणार आणि पट नाही, हे गावाला सोसेना. पट समितीचे अध्यक्ष देवरावभाऊ. त्यांनी ठरवलं, बैल नाही तर मोटारसायकली पळवू. मधले बांध सपाट केले, बांधीला गोल चाकोरी आखली.

आणि नियम? नियम बैलगाडीचेच घातले. आमच्याकडे गाडीवाटेची जुनी रीत अशी आहे की मागच्या गाडीला पुढे जायचं असेल तर मागचा धुरकरी हाक देतो. पुढच्याने ती ऐकली की तो आपली तुतारी वर उचलतो. तुतारी म्हणजे बैल हाकायची आर लावलेली काठी, वाजवायची नव्हे. मग पुढचा आपली गाडी डावीकडे घेतो आणि मागचा उजवीकडून जातो. तुतारी वर गेली नाही तर मागच्याने मागेच राहायचं, मग त्याचे बैल कितीही ताजे असोत.

समितीने यातली हाक तेवढी उचलली. तुतारी विसरली. सायलेंसर काढलेल्या गाड्या, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटखाली कानाला गुंडाळलेला दुपट्टा, आणि म्हणे मागच्याने हाक दिली की पुढच्याने बाजू द्यावी! मी सभेत उठून विचारलं होतं की ऐकू कोणाला येणार. भाऊ म्हणाले, "केवळ, तू प्रत्येक गोष्टीत पाय घालतोस." लोक हसले. मी बसलो.

त्या पटात माझा सुरेंद्र पुढे होता. त्याच्या मागे भाऊंचा मुलगा विक्की. बोडीकडच्या वळणावर सुरेंद्र आपल्या चाकोरीत असताना विक्कीने डावीकडून, आतून गाडी घातली आणि त्याच्या मागच्या चाकाला धडक दिली. सुरेंद्र बांधावर जाऊन आदळला. विक्की डुलला, सावरला आणि इनाम घेऊन आला. सुरेंद्रचा डावा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही.

सुरेंद्र दवाखान्यातून आल्यावर समिती बसली. विक्की म्हणाला, मी हाक दिली होती, उजवीकडून निघालो होतो, सुरेंद्रनेच गाडी अंगावर घातली. सुरेंद्र म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही. वळणावर झेंडा घेऊन लच्छू मांदाळे उभा होता, धडकेपासून हाकेच्या अंतरावर. त्याला विचारलं. त्याने भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "धुरळा होता, भाऊ. मले दिसलं नाई." लच्छू त्या वेळी भाऊंची जमीन बटईने करत होता. पोट सगळ्यांना असतं हे मला कळतं. पण मी त्याला माफ केलेलं नाही, आणि हे त्याच्या कानावर घालूनच लिहितो आहे.

निकाल लागला: हाक दिली होती, बाजू दिली नाही, दोष पुढच्याचा. काठी टेकत उभ्या असलेल्या माझ्या पोराला विक्कीसमोर हात जोडायला लावले. ज्या विक्कीला सायकल मी शिकवली, त्याच्यासमोर.

हे इथेच थांबलं असतं तर मीही कदाचित गिळलं असतं. पण पुढच्या मंडईच्या नाटकात विनोदी नटाला कोणीतरी नाव पुरवलं. रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या माणसाला तो म्हणाला, "बाजू दे बे, सुरेंद्र झाला काय?" मांडव हसून लोळला. तेव्हापासून आमच्या भागात कोणी वाट देत नसेल की हेच म्हणतात. ट्रॅक्टरवाले म्हणतात, बाजारात बाया म्हणतात. ज्यांना सुरेंद्र कोण हे माहीत नाही तेही म्हणतात. माझ्या पोराच्या नावाची शिवी झाली. तो कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्याच्या फाटकावर नोकरीला गेला. तिथे तो लोकांच्या गाड्यांना वाट देतो आणि गावात पाय ठेवत नाही. नात दिव्यानी सुट्टीत आली होती. शाळेसमोरून रडत घरी आली आणि मला म्हणाली, "आबाजी, माह्या बाबाचं नाव घेऊन लोक काऊन हासतेत?" हे मृत्युपत्र म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे.

म्हणून बोडीखालची बांधी मी सुरेंद्रला पूर्ण मालकीने देतो. बंदी उठली, बैलांचा पट पुन्हा सुरू झाला, पण माझ्या बांधीत नाही. धान उभं असतानाच मी दरवर्षी त्यात लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, फेकतो. धान कापलं की खाली हिरवंगार. त्यात पट भरत नाही. यंदाही फेकली आहे. भाऊंच्या रस्त्यालगतच्या शेतात गोटे आहेत, बैलांचे खूर फुटतात, पाहुण्या जोड्या येईनाशा झाल्या. मागल्या वर्षी भाऊ माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "केवळ, बांधी दे. गावाचा पट आहे."

मी म्हणालो, "हाक आयकू आली, भाऊ. तुतारी नाई उचलत."

माझ्या मागे सुरेंद्रनेही लाखोरीच फेकावी. पट भरवू द्यायचाच असेल तर एका अटीवर. पहिली जोडी सुटण्याआधी, भरल्या पटात, समितीच्या अध्यक्षाने, तो त्या वेळी कोणीही असो, भोंग्यावरून सांगावं की त्या दिवशी धडक विक्कीची होती आणि सुरेंद्रचा दोष नव्हता. गोलमोल नको, झालं गेलं विसरा असलं काही नको. ते ऐकून सुरेंद्रने आमच्या वडिलांची तुतारी वर उचलावी. ती उचलली तरच पट.

कलम ४. वरील तुतारी माळ्यावर फडक्यात बांधून आहे. ती सुरेंद्रची, त्याच्यानंतर दिव्यानीची. पोरीच्या जातीला तुतारी कशाला, असं कोणी म्हटल्यास त्याला या घरात चहा देऊ नये.

कलम ५. माझे बंधू देवराव यांना सुरेंद्रच्या गाडीचं मागचं चाक. मी ते जपून ठेवलं आहे. डाव्या बाजूने आत चेपलेलं आहे. उजवीकडून जाणाऱ्याने डावी बाजू कशी चेपली, हे त्यांनी सवडीने पाहावं. रंजीताबाई म्हणतात, मरताना तरी भावाला असं देऊ नये. भाऊ माझ्यापेक्षा मोठे आहेत, लहानपणी मला खांद्यावर बसवून त्यांनी पट दाखवला आहे. हे मला आठवतं म्हणूनच इतकं लागलं. परक्याने केलं असतं तर मी भिंत घातली नसती.

कलम ६. पुतण्या विक्की याला काही नाही. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून आहे.

कलम ७. माझ्या मातीला भाऊंच्या घरच्यांनी आल्यास अडवू नये. विक्कीने खांदा द्यायला पुढे येऊ नये. मागून चालावं.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गोकुळाने करावी. तिच्याइतकं सरळ माणूस मला दुसरं माहीत नाही. माझ्या रागाच्या धगीत ती इतकी वर्षं राहिली, त्याबद्दल तिला द्यायला माझ्याजवळ काही नाही.

शेवटचं साक्षीदारांविषयी. दुसरा साक्षीदार म्हणून मी मुद्दाम लच्छू मांदाळे याला बोलावलं आहे. बोडीवर जाळं सुकवत होता तिथे गेलो. तो म्हणाला, "गावात मानसं कमी हायेत काय, केवळभाऊ? काऊन मलेच?" मी म्हणालो, "साक्षीदाराले सही होताना पाहावं लागते. या खेपेला तुले पाहावंच लागन." तो बराच वेळ जाळ्यातला कचरा काढत राहिला. मग येतो म्हणाला. त्याच्याकडून मला सहीपलीकडे काही अपेक्षा नाही. आता तो माझ्यासमोर ओसरीवर बसला आहे आणि हे सगळं त्याला वाचून दाखवलं आहे.

हे लिहिणं मी ऐकलं, समजलं, मान्य केलं आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही केली.

ठिकाण: मौजा चिखलटोला
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही
केवळराम आत्माराम गुरनुले

साक्षीदार पहिली: मजकूर केवळरामभाऊंच्या तोंडून जसा आला तसा मी लिहिला. त्यांनी माझ्यासमोर सही केली आणि मी त्यांच्यासमोर.
सही
रंजीता मोहुर्ले, अंगणवाडी सेविका, मौजा चिखलटोला

साक्षीदार दुसरा: केवळभाऊनं सही केली ते म्या पाह्यलं. त्या दिवशीबी पाह्यलं होतं. धुरळा मंग उडाला, धडक त्याच्या आधी झाली. विक्की डावीकून आतून आला. हाक देल्ली नाई. सुरेंद्र आपल्या चाकोरीत होता. मले हे कोनी लिहाले लावलं नाई, मीच रंजीताबाईजवळून पेन मांगून आपल्या हातानं लिहून राह्यलो. पटात भोंग्यावर सांगा लागलं तं तिथीबी सांगन.
सही
लच्छू मांदाळे, मौजा चिखलटोला
ठिकाण तेच, तारीख तीच