लाल आठवड्याची मालकीण

सुट्टी विकत घ्यावी की न घ्यावी, या पेचात पडलेल्या तमाम ज्येष्ठ भगिनींनो!

(म्हणजे तू एकटीच. पण समोर निदान एक सभा भरली आहे असं धरल्याशिवाय मला चार ओळी लिहिता येत नाहीत, हे तू लहानपणापासून सोसत आली आहेस.)

तीर्थरूप ताई, साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नसल्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो आहे. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यानं तुमच्याकडेच बिऱ्हाड केलं? आमचं इकडे बरं चाललं आहे. हिचं शिवणकामाचं दुकान जोरात आहे, मुलगी आपल्या घरी सुखात आहे, आणि माझी व्याख्यानं उत्तम होताहेत. निदान व्यासपीठावरून तरी तसं दिसतं.

तू फोनवर विचारलंस, की सुट्टीच्या घरांची ती कंपनी तुमच्याही मागे लागली आहे, एकदाच रक्कम भरा आणि पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा डोंगरातल्या सजवलेल्या घरात सहकुटुंब राहा म्हणते आहे, भाऊजी पाघळले आहेत, तुला धाकधूक वाटते आहे, तर 'तू एवढी पुस्तकं वाचतोस, एका शब्दात सांग, घ्यावं की न घ्यावं?' एका शब्दात उत्तर देणारा पुरुष आपल्या घराण्यात कधी झाला आहे का? शिवाय फोनवर तू मधेच बोलतेस. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा या माध्यमाचा फार मोठा गुण आहे.

तुला सांगायचं राहिलं, त्याच कंपनीच्या कार्यक्रमाला गेल्या रविवारी आम्ही दोघं जाऊन आलो. त्याचं असं झालं, की एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. 'तुमची निवड झाली आहे. सपत्नीक यायचं, एक भेटवस्तूही मिळेल,' असं ती म्हणाली. आता तूच सांग, निवड, सपत्नीक आणि भेटवस्तू हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर माझ्यासारख्या माणसाला काय वाटेल? मला वाटलं, सत्कार आहे. (ही म्हणाली, 'अहो, कशाबद्दल?' मी म्हटलं, ते सत्कार करणाऱ्यांनी शोधायचं असतं.) मी सत्काराला उत्तर म्हणून छोटंसं, तासाभराचं भाषण तयार केलं, कोट इस्त्री केला आणि वेळेआधी पोचलो.

ताई, तो दिवाणखाना! मी आयुष्यभर श्रीमंतीवर कोरडे ओढत आलो, पण आत पाऊल टाकलं आणि हातातला कोरडा गळूनच पडला. मधोमध काचेच्या पेटीत त्या डोंगरातल्या वसाहतीची छोटी प्रतिकृती ठेवलेली. खिडक्यांतून नखाएवढे दिवे लागलेले, तळ्यात कणाएवढी माणसं डुंबताहेत, आणि इतकी निवांत, की त्यांच्यातल्या एकाचाही फोन वाजत नव्हता. मी आ वासून बघतच राहिलो. 'तोंड मिटा, माशी जाईल,' असं ही मागून म्हणाली तेव्हा कुठे भानावर आलो. आणि मग कळलं, की सत्कार वगैरे काही नाही. प्रत्येक गोल टेबलाशी एकेक कुटुंब आणि एकेक विक्रेता बसलेला, भिंतीला पितळी घंटा टांगलेली, आणि कुणी सही केली की ती घंटा वाजवून सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या.

आमच्या वाट्याला गळ्यात निळा रुमाल बांधलेली एक बाई आली. तिनं समजावून सांगितलं, की घर आपलं होत नाही. घरातला आठवडा आपला होतो. उरलेले एक्कावन्न दुसऱ्यांचे. जमिनीच्या मालकीवर मी बोललो आहे, पाण्याच्या मालकीवर बोललो आहे, पण इथे तर साक्षात काळच कापडाच्या ठाणासारखा उलगडून कात्रीनं तुकडे करून विकायला मांडला होता! मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, मी थक्क झालो. माणसाच्या बुद्धीची झेप बघून मला तिथल्या तिथे हात जोडावेसे वाटले. (जोडले नाहीत. भेटवस्तू मागतो आहे असं वाटलं असतं.)

अर्थात मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी विचारलं, देखभालीचा खर्च दरवर्षी वेगळा, तो दरवर्षी वाढणार आणि आपण गेलो नाही तरी भरायचा, हे खरं ना? रुमालवाली म्हणाली, 'अगदी खरं, काका.' मी विचारलं, पुढे विकावंसं वाटलं तर घेणारा सहजी मिळत नाही, हे खरं ना? म्हणाली, 'फार कठीण जातं, काका.' ताई, मी पन्नास सभा मारल्या आहेत, पण सगळं कबूल करणारा प्रतिस्पर्धी मला आजवर भेटला नव्हता. लाथ मारायला जावं आणि दार उघडंच असावं, तसा मी तोंडावर पडलो. मग तिनं अगदी हळू विचारलं, 'गेल्या वर्षी सुट्टीत कुठे गेला होतात?'

मी पाण्याचा पेला उचलला. उत्तर हिनं दिलं. 'हे गेले होते, व्याख्यानाला. मी दुकानात होते.'

'आणि त्याच्या आधी?'

'तेव्हा मीसुद्धा गेले होते. पहिल्या रांगेत बसायला.'

तेवढ्यात मला कोपऱ्यात एक ध्वनिक्षेपक दिसला. बेवारस उभा होता. ताई, तान्हं मूल रडलं की आईला जे होतं ते मला रिकामा ध्वनिक्षेपक दिसला की होतं. मी उठलो, कोट सावरला आणि त्या सगळ्या बाजाराविरुद्ध तोफ डागली. म्हटलं, 'मित्रहो, हे लोक तुम्हाला जो आठवडा विकताहेत, तो मुळात तुमचाच होता! तो कुणी चोरला, ते आधी विचारा! तुमच्या मुलाची दुपार कशी असते, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? बायको हसते तेव्हा तिच्या गालाला कुठल्या बाजूला खळी पडते, सांगा पाहू!' माणसं रडायला लागली, ताई. एक धिप्पाड गृहस्थ टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होते. मला वाटलं, जिंकलो. आता सगळे उठून बाहेर पडणार.

आणि घंटा वाजली.

मग पुन्हा वाजली. मग वाजायची थांबेचना. हॉलमधली झाडून सारी कुटुंबं सही करत सुटली! व्यवस्थापकानं धावत येऊन मला मिठी मारली आणि म्हणाला, 'साहेब, इतकी वर्षं आम्ही उगीच सुट्टीची स्तुती करत बसलो.' मी दारात उभा राहून प्रत्येकाला सांगितलं, बाबांनो, मुदतीच्या आत रद्द करता येतं, करा. तर ते म्हणाले, 'काका, तुम्हीच तर डोळे उघडलेत,' आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. शब्दाचं सामर्थ्य, शब्दाचं सामर्थ्य म्हणून मी जन्मभर ओरडत आलो. ते इतकं असेल, अशी माझी कल्पना नव्हती. अंगावर काटा आला.

पण खरा काटा पुढे आला. टेबलाशी परतलो, तर ही आणि रुमालवाली डोक्याला डोकं लावून हसत होत्या. समोर कंपनीचं रंगीत कॅलेंडर. त्यात काही आठवडे लाल, काही पांढरे. लाल म्हणजे सगळ्यांना हवे असतात ते, पांढरे म्हणजे उरलेसुरले. रुमालवालीनं पेन पुढे केलं, तर ही म्हणाली, 'घर नको गं बाई. घर काय, भाड्यानं कुठेही मिळेल. हे मिळत नाहीत. यांचे असे तुकडे करून विकता का तुम्ही?'

रुमालवालीनं पेन खाली ठेवलं. क्षणभर ती कंपनी विसरली, भिंतीवरची घंटा विसरली. गंभीरपणे म्हणाली, 'काकू, घ्यायचाच तर लाल घ्या. पांढऱ्यात नवरा काय, कुणीही मिळतं.'

हिनं बोट ठेवलं. लाल आठवडा. नेमका आपल्या व्याख्यानमालेचा! ज्या मालेचं उद्घाटन मी माझ्या काळ्या केसांपासून करत आलो आहे, तोच. मी म्हटलं, अगं, त्या आठवड्यात तर... ही म्हणाली, 'माहीत आहे. म्हणून तर तो लाल.' मी म्हटलं, या लोकांच्या योजनेत अदलाबदलीची सोय असते. 'माझ्या योजनेत नाही.' मी शेवटचं अस्त्र काढलं, आणि देखभालीचा खर्च? 'तो मी लग्नापासून भरतेच आहे. दरवर्षी वाढतोच आहे. वापर तेवढा झाला नाही.'

ताई, मी मोठमोठे वक्ते ऐकले. पण तीन उत्तरांत असा निकाल लावणारं माणूस माझ्याच घरात शिवणयंत्रावर बसलं होतं, आणि मी त्याला पहिल्या रांगेत बसवून तासन्‌तास बोलत राहिलो!

परतताना बस येईना. थांब्यावर मी विचारलं, समजा आलो, तर आठवडाभर करायचं काय? ही रस्त्याकडे बघत म्हणाली, 'काही नाही. तुम्ही बोलायचं नाही, मी शिवायचं नाही.' बस आली तेव्हा खिडकीची जागा मी तिला दिली. खळी डाव्या गालाला पडते, ताई. माझी समजूत उजव्या गालाची होती.

तर तुझा प्रश्न. ज्या कुटुंबाला सुट्टी घेता येते, त्यानं हे घेऊ नये. दरवर्षी मनाला येईल तिथे खोली भाड्यानं घ्यावी, स्वस्त पडते आणि कंटाळा आला की गाव बदलता येतं. ज्याला सुट्टी घेता येत नाही, त्यानं तर मुळीच घेऊ नये, कारण न गेलेल्या आठवड्याची देखभाल भरत बसावं लागतं. राहता राहिले माझ्यासारखे, दंड बसल्याखेरीज न हलणारे, आणि त्यांच्यासाठी हिची योजना जास्त चांगली. तुम्ही दोघं तर शेजाऱ्यांची मांजर व्याली तरी सुट्टी काढता. भाऊजींना सांग, नको. (बघ, एका शब्दात दिलं.)

तुझा आज्ञाधारक (असं लिहायची पद्धत आहे) धाकटा भाऊ

ता. क. : भेटवस्तू प्रवासाची बॅग निघाली. हिनं तिच्यात माझे कपडे आताच भरून ठेवले आहेत. घरात घालायला दोनच सदरे शिल्लक आहेत.

ता. क. : त्या व्यवस्थापकाचा निरोप आला आहे, की पुढच्या रविवारी येऊन पुन्हा कंपनीच्या विरुद्ध बोला. मी अजून नाही म्हटलेलं नाही. विषय फार चांगला आहे.

ता. क. : आता खरं काम. व्याख्यानमालेच्या चिटणिसाला मी 'यंदा येत नाही' असं सांगायला फोन केला. तो म्हणाला, आपल्याशिवाय शोभा नाही, आणि मी उद्घाटन पत्करलं. सुधारायला पुन्हा फोन केला, तर समारोपही पत्करला. काल तिसऱ्यांदा केला. आता मधले परिसंवादही माझ्याकडे आहेत. हिला यातलं काही ठाऊक नाही. ती दुकानात कधी नव्हे ती गुणगुणते आहे, आणि गिऱ्हाइकांना सांगते आहे की त्या आठवड्यात दुकान बंद. ताई, माझं वाक्य मधेच तोडू शकणारं जगात एकच माणूस आहे. चिटणिसाचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. हे पत्र वाचून होताच त्याला फोन कर, 'माझा भाऊ येणार नाही' एवढंच सांग, आणि तो 'पण' म्हणायच्या आत ठेवून दे!