विहिरीतला हात, सात मिनिटं बारा सेकंद

६ जुलै, रविवार, सायं. ७.४०
नेहाने स्वतःहून मला बोलावलं. ऐतिहासिक घटना. 'शिरोनुमा' नावाची जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आजपासून सुरू झालीय. दर रविवारी सातला एक भाग, एकूण बारा. पप्पा, आपण दोघं बघू, म्हणाली. वर्षभर पोरगी माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलते : हो, नाही, जेवले, चार्जर. सप्टेंबरात इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाईल. म्हणजे हातात बारा रविवार. बायकोची, रश्मीची, रविवारी हॉस्पिटलात ड्युटी, त्यामुळे टीव्ही आमचाच.

सबटायटल लावू का, विचारत होती. हसलो. वीस वर्षं महाळुंग्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे. काइझेन, फाइव्ह-एस, पोका-योके. आमचं सगळं जपानीतच चालतं.

सात मिनिटं बारा सेकंदांनी विहिरीतून एक हात वर आला. मी लगेच गॅस बंद आहे का ते बघायला गेलो. माझी आई आतून ओरडली, बंद आहे. तरी भाग संपेपर्यंत खात्री करत राहिलो. गॅसच्या बाबतीत मी कडक आहे.

७ जुलै
कंपनीच्या बसमध्ये सर्वांना शिरोनुमा रेकमेंड केली. विहिरीतून माणसांसारखं काहीतरी वर येतं आणि एक शाळकरी मुलगी कोयत्याने त्यांना परत पाठवते. कोयता म्हटल्यावर, रोज पेपरात कोयता गँग वाचणाऱ्या आमच्या बसला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. प्रेसशॉपचा खंडू म्हणाला, भावा, लई भ्या वाटतं का? छे, म्हणालो. पहिल्या भागाची उरलेली सोळा मिनिटं बघायची आहेत, पण ती तांत्रिक बाब.

१३ जुलै, रविवार
ओव्हरटाइम घेतला. कंपनीला गरज होती. सुपरवायझर म्हणाले, गरज नव्हती, पण आलाच आहात तर रॅक पुसा.

१५ जुलै
शिफ्टच्या आधीचं पाच मिनिटांचं सेफ्टीचं भाषण आज माझ्याकडे. विषय घेतला : विहिरीला कठडा नसणे. उदाहरण शिरोनुमाचं. एक साधा कठडा असता तर पुढचे अकरा भाग वाचले असते, असं मांडलं. टाळ्या. नऊ जणांनी तिथेच ती मालिका दाखवणारं ॲप डाउनलोड केलं. शिरोनुमा काढणाऱ्या जपानी कंपनीने माझी दखल घ्यायला हवी.

२७ जुलै, रविवार
थेरगावला मित्राकडे, बुद्धरत्नकडे गेलो. तो आजारी असेल असं वाटलं होतं. नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार
पाचवा भाग. आजही डांगे चौकात महत्त्वाचं काम निघालं (दाढी). आल्यावर कंपनीत भरतो तशी काइझेन शीट, म्हणजे सुधारणेचा तक्ता, घरासाठी भरली. समस्या : नेहा बोलत नाही. आधी : ४ शब्द. नंतर : ४० शब्द. उपाय : पुढचा भाग पूर्ण बघणे, डोळे उघडे ठेवून. जबाबदार व्यक्ती : नागसेन (मीच).

१० ऑगस्ट, रविवार
बसलो! फक्त चष्म्याची काच फार खराब होती. तेवीस मिनिटं पुसली. आई मात्र शेंगा खात डोळे न मिटता बघत होती. तिचा एकही भाग चुकलेला नाही म्हणे, आणि झोपही छान लागते. नेहाने माझ्याकडे एकदा बघितलं. शब्द : ३.

१८ ऑगस्ट
बसमध्ये शेवट काय होईल यावर चर्चा. मी ठासून सांगितलं, गावचा मास्तरच खरा राक्षस निघणार. खंडू म्हणाला, राव, मास्तर तिसऱ्याच भागात मेला की, तुमी बघताय ना? म्हणालो, तोच तर ट्विस्ट. आता सगळे मागच्या सीटांवर बसून चर्चा करतात. मी पुढे बसतो. पुढे हवा चांगली लागते.

७ सप्टेंबर, रविवार
नेहाला नागपूरला प्रवेश मिळाला. २२ ला हजर व्हायचं. म्हणजे २१ ला रात्रीची गाडी, त्याआधी बारावा भाग आमचाच. ठरलं. शेवटचा एक नीट बघितला की मागचे अकरा आपोआप भरून निघतात. १४ तारखेचं बुद्धरत्नला आधीच सांगितलंय, येतो म्हणून.

१९ सप्टेंबर
हॉस्टेलवाल्यांचा फोन. खोली हवी तर उद्याच या. तिकीटही मिळालं.

मी हा हिशेब धरलाच नव्हता.

२० सप्टेंबर
गाडी सुटली. हात हलवला. काहीतरी बोलायचं होतं, पण चार्जर घेतलास का एवढंच विचारलं. हो, म्हणाली. फार वाईट वाटतंय.

२१ सप्टेंबर, रविवार, रात्री ९.००
रिमोटखाली नेहाची चिठ्ठी. 'पप्पा, तुम्हाला भीती वाटते हे मला पहिल्याच दिवशी कळलं. गॅस कोणी वीस मिनिटं बघतं का? भाग १ : मिनिट ७.१२ ते ८.४० डोळे मिटा. भाग २ :' असं अकराव्या भागापर्यंत. दर रविवारी लिहीत होती. मला वाटायचं, अभ्यास करतेय.

भीतीचा मुद्दा चुकीचा आहे. तरी पहिला भाग लावला. ७.१२ ला डोळे मिटले. आता मिटल्या डोळ्यांनी ८.४० झाले हे कसं कळणार? यादीत हा मोठा दोष आहे. आईला सांगितलं, वेळ झाली की सांग. आई टीव्हीत घुसलेली.

तेवढ्यात नेहाचा फोन. कुठपर्यंत आलात, विचारलं. सात बारा, म्हणालो. खूप हसली. मग मेसची डाळ, खोलीतली मुलगी, नागपूरचं ऊन, बोलतच राहिली. मोजायचं राहून गेलं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, उघड आता डोळे, भाग संपला.